एक जुलैचं पान

...नाई, तुमीच सांगा आता, एक जुलै लिवाले मले काय धाड भरली होती? सारे मास्तर तेच लिवतात ना! पोरगं शाळेत आलं, मायले तारीख ठाव नाई, की ठोक एक जुलै. पल्याडच्या गावचा दसरू मास्तर पाहा... चाळीस पोरं, अन् चाळीसच्या चाळीस एकाच तारखेले जन्मले, जसं काई गावात त्या दिवशी दुसरं कामच नोहोतं! पन मी दसरू नोहो ना. मी भैयाजी मास्तर, मूळ वरोऱ्याचा, अन् मले इतिहासाचं भल्लं वेड.

तुमाले सांगतो, माह्यापाशी एक वही हाये. दर तारखेले एक पान, अन् त्या तारखेले जगात जे जे मोठं झालं ते त्या पानावर. पंधरा ऑगस्टचं पान काढा... नेपोलियन जन्मला पंधरा ऑगस्टले, पनामाचा कालवा उघडला पंधरा ऑगस्टले, आपला देश मोकळा झाला तोई पंधरा ऑगस्टलेच! रोज सकाळी ते पान मी फळ्यावर उतरवतो. गडचिरोलीच्या पुढं दोन नद्या वलांडून जंगलातलं गाव, पोरं घरी गोंडी बोलनारे, पन पनामाचा कालवा कवा उघडला ते इचारा, झोपेत सांगतीन!

तर सन चोपन्नात बुधरीबाई पोरीले घेऊन आली. सोमारी नाव. मी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं, इचारलं, बाई, जन्म कवाचा? तर ते कशी म्हनते... "मोहा पडत होता, गुर्जी. टोपली घेऊन वेचाले गेली, अन् झाडाखालीच पोट दुखलं. त्याच साली वाघानं लटारूचा बैल नेला."

आता बैलाचं साल मी फॉरेस्ट गार्डाले इचारून काढलं... सत्तेचाळीस. मोहा पडते चैतात, म्हंजे मार्च नाई तं एप्रिल. सरळ लिवाचं ना? नाई! सत्तेचाळीस आयकलं अन् माह्या आंगात आलं, भाऊ. येवढं सोन्यासारखं साल, अन् पोरगी जन्मते कोन्या बिननावाच्या दिवशी? म्हटलं चार महिने इकडचे तिकडं, कोन पाह्यते! अन् देल्ली लिवून, पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस. बुधरी म्हने, तवा तं धान रोवत होतो गुर्जी, पोरगी पाठीशी बांधून. मी म्हटलं, बाई, तुले नाई समजत, तुही पोरगी देशासंगं जन्मली.

जिनं जन्म देल्ला ते सांगून राह्यली, अन् मी तिले इतिहास शिकवून राह्यलो. एक जुलै लिवाले मले काय धाड भरली होती?

पोरगी मोठी हुशार निंगाली. पाढे तोंडावर, अक्षर माह्यापेक्षा गोमटं. मागच्या साली चौथी पास झाली. चांद्याच्या होस्टेलात आमच्या भागाले एक जागा... तीन वर्सात एकच! तिच्या बापानं, जंगूनं, सामानाले बांबूची झाकनाची पेटी इनली. आमी पायी, मंग बैलबंडीनं, मंग मोटारीनं चांद्याले गेलो. बाबूनं दाखला पाह्यला अन् म्हनते...

"एक जुलैले अकरा वर्सं पुरी पायजेत, मास्तर. हिले दीड महिना कमी हाये."

मी सारं सांगतलं. मोहा सांगतला, बैल सांगतला, वाघ सांगतला. तो म्हनते, वाघाचा दाखला आना. अन् दाखल्यावर सही कोनाची? माहीच! मंग चष्म्यावरून असा पाह्यते माह्याकडं! अन् माह्या मांगं कोन उभा? दसरू! त्याच्या शाळेतली पोरगी रंभा, जन्म एक जुलै सत्तेचाळीस, म्हंजे त्याच दिवशी मोजून अकरा पुरे. पोरीचा काई दोष नाई, गरीब पोरगी. गेली ते आत. आमी निंगालो भायेर.

मोटारीत सोमारी पेटी मांडीवर घेऊन बसली होती. म्हने, "गुर्जी, दीड महिनाच ना? मी तिथीच भायेर बसून राह्यली असती."

सांगतो तुमाले, मी बोटावर चैतापासून जुलैपर्यंतचे महिने मोजत बसलो.

आता या साली शाळा उघडली, तं सोमारीच आली, लाहन्या भावाले घेऊन. कोलू त्याचं नाव. तिचे हात तेंदूपत्ता तोडून काळे पडले होते. मी रजिस्टर उघडलं, टाक दौतीत बुडवला, तं तिनं पानावर हात ठेवला. म्हने...

"गुर्जी, हा झाला ना, त्या दिवशी जगात कुठीच काई झालं नाई. मी घरीच होती."

लिवली मंग, एक जुलै. घरी येऊन वही पाह्यली, तं एक जुलैचं पान साफ कोरं! म्हटलं, एक ओळ तरी असावी. लिवली... एक जुलै अठ्ठावन, सोमारी जंगूले अकरा वर्सं पुरी होती. खाली सही केली.

पन आता माह्या सहीवर भरोसा कोन ठेवते, भाऊ?