साहेबांची पेनल्टी

...आणि एक गोल सोडायला काय लागतं, सांगा ना तुम्ही! अख्खं उधवा गाव हेच विचारत होतं हो त्या पोरीला, आणि विचारणाऱ्यांतल्या एकानं जरी जन्मात फुटबॉलला पाय लावला असेल तर शपथ! दक्षा, आमच्या पाड्यावरच्या सुक्याची मुलगी. केरळातल्या क्लबची गोलकीपर, पगारी. तुम्हाला सांगतो, हा पगार सुक्याच्या डोक्यात शिरायलाच दोन वर्षं गेली. बॉल दुसरीनं मारायचा, हिनं नुसतं आडवं पडायचं, त्याचे पैसे कोण देतं, असं भेटेल त्याला विचारायचा. खरंच आहे... दुपारचं जेवून मी तर फुकटच आडवा पडतो!

असो. पोर सुट्टीला आली आणि सरपंच रविंद्रभाऊंनी सत्काराचा घाट घातला. तलासरीहून साहेब येणार. कोण साहेब ते विचारू नका, सगळ्या उद्घाटनांना येतात ते साहेब. आता साहेब खूश म्हणजे मैदान मंजूर. आमचं मैदान म्हणजे काय, तर भात कापून झालेलं उतरतं शेत, मध्ये खडक. दक्षा तिथंच शिकली, गुडघ्यांवर खुणा आहेत अजून. आता रूपी, भिकी आणि त्यांच्या बरोबरीच्या पोरी तिथंच गुडघे फोडतायत. ते सपाट व्हायचं, तर भाऊंचा बेत असा, की साहेबांनी पेनल्टी मारायची, दक्षानं गोलात उभं राहायचं, साहेबांचा गोल, फोटो, टाळ्या, लगेच माइकवर घोषणा. एक गोल सोडायला काय लागतं?

पोरगी म्हणाली, सोडते. मनापासून म्हणाली हो! आदल्या संध्याकाळी रूपीला बॉल मारायला लावून चक्क सोडायची प्रॅक्टिस केली... आणि सगळे अडवले. रूपी वैतागली, दक्षा रडकुंडीला आली. सुक्याचं पण तेच, की एक गोल सोडायला काय लागतं?

"बाबा," ती म्हणाली, "इतकी वर्षं हातांना एकच शिकवलंय. आता ते माझं ऐकत नाहीत."

झालं, उजाडला सत्कार. शाल, नारळ, भाषणं, बॅनरवर दक्षाशेजारी क्रिकेटची बॅट, ते जाऊ द्या. साहेब टोकदार काळ्या बुटांतच उतरले, बॉलला नमस्कार केला आणि मारला. मारला कसला, ढकलला! इतका सावकाश निघाला की वाटेत कुणाला पत्ता विचारतोय की काय... दक्षा डोळे मिटून उभी, तुम्हाला सांगतो, डोळे मिटून! तरी बॉल खडकाला लागल्याचा आवाज आला मात्र, पोरगी आडवी. बॉल छातीशी. रूपी आणि भिकीनं तेवढ्या टाळ्या वाजवल्या.

भाऊ माइककडे धावले. म्हणे ही प्रॅक्टिस होती, खरी पेनल्टी आता. मग दक्षापाशी जाऊन हात जोडले. ती गेली, उजव्या खांबाला पाठ लावली, दोन्ही हात मागं घट्ट धरले. बैलगाडी जाईल एवढा गोल मोकळा! एकदा त्या पोरींकडे बघितलं आणि मान खाली घातली. सामना हरल्यावरही अशी मान घातली नसेल तिनं. साहेबांनी या वेळी जोर लावला... आणि बॉल डाव्या खांबाच्या बाहेरून, मंडपामागं, थेट जेवणाच्या पातेल्यांत!

साहेबांना तेवढ्यात डहाणूचा कार्यक्रम आठवला. मैदान आहे तसंच. गाव महिनाभर दक्षाच्या नावानं खडे फोडतंय. परवा डहाणू रोडला तिला गाडीत बसवताना सुक्याच्यानंही राहवलं नाही, म्हणाला, "दुसऱ्या वेळी तरी सांभाळून घ्यायचंस."

"दुसरा मी सोडला होता, बाबा."

"मग?"

"त्यांनी बाहेर मारला."

सुक्यानं तिची पिशवी खिडकीतून आत दिली. आता बाहेर चाललेला बॉल आत कसा घ्यायचा, हे काय तिला केरळात शिकवतात?