सुतक कळल्यापासनं

माझं माहेर जयसिंगपूरच्या अलीकडं, नदीकाठचं बारकं गाव, आन् सासर हितं कळंब्याला. वडील मी पाळण्यात असतानाच वारलं, मग आईनं आम्हा दोघा भावंडास्नी, मला आन् दादाला, लोकाच्या रानात भांगलण करून वाढवलं. आई लई बोलकी. आन् हाताला चव म्हणाल तर काय सांगू तुम्हाला, थंडीच्या दिसांत नुसती बाजरीची भाकरी थापायची तीळ लावून, वर लोण्याचा गोळा, संगं चुलीत भाजल्याल्या वांग्याचं भरीत, बास, आम्ही दोघं चुलीम्होरं बसून हात चाटत ऱ्हायचो. मला जे काय रांधायला येतंय ते समदं तिचं.

लगीन होऊन कळंब्याला आले. आमचं मालक वर्कशॉपात हुतं, लेथवर. माणूस वाईट न्हाय, मी कवा वाईट म्हणले न्हाय आन् आजबी म्हणत न्हाय, तेवढं आधीच लिवून घ्या. एकच पोरगा, रणजित. सुट्टी पडली की त्यो आज्जीकडं पळायचा, माझ्यापरीस तिच्याच अंगाखांद्यावर वाढला म्हणा की. शिकला, फौंड्रीत लागला, आन् मग जर्मनीचं निघालं. कुठल्यातरी कारखान्यात मशीनवरचं काम. आमच्या आळीतनं एवढ्या लांब कोण गेलं नव्हतं. बाया मला विचारायच्या, तितं भाकरी मिळती का गं? मी म्हणायचे, मला काय ठावं, मी कुठं जेवायला गेलते.

दिवाळीच्या आदुगर आईच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली आन् बोलणंबी गेलं. एवढी बोलकी बाई, नुसती बघत पडायची. मी दर आठवड्याला एसटीनं जायचे, पेज करायचे, चमच्यानं भरवायचे. शेवटच्या खेपंला तिला म्हणलं, आई, रणजितचं जाणं उरकू दे, मग मी येऊन तुझ्यापाशी महिनाभर ऱ्हाते. तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आन् सोडंचना. शेवटाला दादानं सोडवला. एसटी चुकंल म्हणला.

मग जाण्याची तयारी सुरू झाली. थंडी मरणाची. परड्यात चूल पेटलेली, तिकडं बंब पेटलेला, सकाळपासनं बायका आपल्या चुलीभवती. डिंकाचं लाडू केलं, आळिवाचं केलं, शेंगदाण्याची चटणी कुटली, उन्हाळ्यातली तिखट चटणी डब्यातनं काढून पुन्यांदा भाजून पिशव्या भरल्या. माझी धाकटी जाऊ रत्ना संगं हुतीच. हसणं, खिदळणं, पोरगा चुलीपाशी येऊन पोळपाटावरनं गरम गरम उचलून पळायचा. खोटं कशाला बोलू, मला लई सुख वाटत हुतं. एवढं सुख लग्नातबी वाटलं नव्हतं.

आमच्यात एक रीत हाय. घरातलं माणूस लांबच्या वाटंला निघालं की आदल्या दिवशी जोतिबाला पुरणाचा निवद, त्यो बी घरच्या बाईनं न्हाऊन तिच्या हातानं केल्याला, आन् जायच्या दिवशी पावण्यास्नी मटणाचं जेवण. रणजितचं जाणं रविवारी, म्हणून निवद शनवारी.

आन् शनवारी पहाटं माझी आई गेली.

मला ठावं न्हाय हो. मी उठले, डोक्यावरनं न्हाले, पुरण शिजाय घातलं. तिकडनं दादाचा फोन ह्यास्नी आला. आन् ह्यांनी काय केलं, दादाशी बोलून ठरवलं की मला सांगायचंच न्हाय. का, तर सुतक. लेकीला आईबापाचं सुतक तीन दिस असतंय, तिनं देवाला हात लावायचा न्हाय, तिच्या हातचा निवद चालत न्हाय. पण सुतक लागतंय ते कळल्यापासनं. कानावर आलं न्हाय तोवर माणूस मोकळं. ही रीत कुणी काढली देव जाणे, सांगावा घेऊन माणूस चालत यायचं त्या काळातली आसंल. आता फोन हाय, तर ह्यांनी माझा फोनच काढून घेतला. रणजितचं फोटो काढायचं हाईत म्हणलं, चार्जिंगला लावलाय म्हणलं. मी म्हणलं, लावा की.

तर मी पुरण वाटत हुते आन् तिकडं बाया आईला न्हाऊ घालत हुत्या. मी पोळ्या लाटत हुते आन् तिकडं तिला उचललं. पोळी फुगली की रत्नाला म्हणायचे, बघ गं, आईच्या हातागत फुगली. रत्ना मान खाली घालून कटाच्या आमटीला फोडणी देत हुती. तिला ठावं हुतं. जेवताना तिनं पोळीला हात लावला न्हाय, शनवार हाय म्हणली. जन्मात तिनं शनवार धरला नव्हता, पण माझ्या टाळक्यात कसं येणार ते? आन् दादा आला न्हाय म्हणून मी सगळ्यांम्होरं शिव्या घातल्या. भाचा देश सोडून निघालाय आन् मामाला सवड न्हाय, असला कसला भाऊ, म्हणले. त्यो त्या वक्ताला नदीवर हुता, पावणं. आईला अग्नी देत हुता.

रविवारी मटणाचं जेवण झालं. तांबडा, पांढरा, पातेली भरून. रणजितला आज्जीची लई आठवण, जाताना गाडी तिकडनं वळवूया म्हणत हुता, तर ह्यांनी त्याला सांगितलं, वक्त न्हाय, विमान चुकंल. त्यालाबी पत्ता नव्हता. मी त्याच्या हातावर दही घातलं, औक्षण केलं, गाडी निघाली मुंबईला. आळी समदी दारात. गाडी वळली, आन् हे माझ्यापाशी आलं, म्हणलं, बंबात पाणी हाय, डोक्यावरनं आंघोळ करून घे.

सकाळीच तर मी न्हालते. अवेळी डोक्यावरनं आंघोळ कर म्हणून बाईला कवा सांगत्यात? कोण गेल्यावर. मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. म्हणलं, कवा? हे म्हणलं, काल पहाटं.

काय झालं पुढचं ते मला सांगता येत न्हाय. रत्नानं धरलं, तिच्याबी मी थोबाडीत मारली म्हणं. मला आठवत न्हाय.

सोमवारी रक्षाविसर्जन. माझी आई मला राखंत भेटली. गरम हुती अजून आतनं. मी दादाला म्हणलं, मला एकदा तोंड तर बघू द्यायचंस. त्यो म्हणला, आईच सांगून गेली, शालनला कळवू नगासा, पोराचं जाणं व्हऊ द्या. माणसं जमलेली, समदी म्हातारी माना हलवाय लागली, असली आई मिळाय भाग्य लागतंय म्हणाय लागली. मी म्हणलं, दादा, आईचं बोलणं दिवाळीच्या आदुगरच गेलं हुतं. दादानं टोपी काढली आन् माझ्या पायाशी बसला. मी त्याला उठवला न्हाय. आजबी बोलतो आम्ही, सणाला जाते, पण उठवला न्हाय त्यो न्हायच.

ह्यास्नी विचारलं तर म्हणत्यात, तुझ्या चांगल्यासाठी केलं, न्हायतर तू निवद टाकून पळाली असतीस, पोरगं राह्यलं असतं. व्हय, पळाले असते. अनवाणी पळाले असते. पोरगं राह्यलं असतं तर राह्यलं असतं की. माझी आई हुती ती, देवाला कळलं नसतं व्हय? ज्या देवाला माझं पुरण चाललं, त्याला ठावं नव्हतं व्हय तिकडं काय जळत हुतं ते?

ह्यांनी आठवड्यानं रणजितला कळवलं. आज्जी तू गेल्यावर गेली, असं सांगितलं. मला आधी बजावून ठेवलं, दिवस सांगू नगंस. मग पोराचा फोन आला, व्हिडिओवाला. तितं भायेर बर्फ, खोलीत एकटा, तोंड सुजलेलं. रडत हुता. आई, मी गाडी वळवाय पायजे हुती म्हणाला, माझ्यानं बघायचं राह्यलं. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे, नशीब. तर डोळं पुसून विचारतोय, आई, तू तरी गेलतीस न्हवं? तू तरी तोंड बघितलंस न्हवं तिचं?

हे माझ्या शेजारी उभं. मी ह्यांच्याकडं बघितलं न्हाय. म्हणलं, व्हय बाळा, बघितलं. झोपल्यागत दिसत हुती. त्यानं लांब श्वास सोडला, म्हणाला, मग बरं झालं.

बरं झालं तर बरं झालं. पोरगं सुखात ऱ्हाऊ दे, चार घास जेवू दे, एवढंच मागते. अजून दर फोनला विचारतंय, आज्जी कसली दिसत हुती, कुठलं लुगडं नेसवलं हुतं. विधवेला कोण हिरवं नेसवत न्हाय, पण मी सांगते. हिरवं, म्हणते.