दादासाठी तोडलेलं फूल

माझी नणंद सुधा आत चहा ओततेय, तोवर सांगून टाकते. ती आली की मला पुढे बोलू द्यायची नाही.

ह्यांना वाळवंटातल्या निवडुंगाच्या फुलाचा फोटो काढायचा होता. बर्मिंगहॅमच्या आमच्या खिडकीतला निवडुंग बारा वर्षांत एकदाही फुलला नाही. हे गेले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ह्यांचा कॅमेरा घेऊन मीच ॲरिझोनाला निघाले. सोबत सुधा. आठवडाभर शोधून शेवटच्या सकाळी रस्त्याकडेला एक फूल दिसलं. टूरचा ड्रायव्हर म्हणाला, फक्त दहा मिनिटं. लेन्स बदलून मी वर पाहते, तर फूल सुधाच्या हातात!

"अगं, हे काय केलंस?"

"दादाच्या फोटोला वाहायला, वहिनी."

बोटांत काटे रुतले होते, तरी फूल सोडत नव्हती. मी दुसरं फूल शोधायला सरळ आत वाळवंटात चालू लागले. मागून हॉर्न वाजला. वळून बघते, तर सुधा बसच्या दारात आडवी उभी. "माय सिस्टर-इन-लॉ हॅजन्ट फिनिश्ड!" ती ड्रायव्हरला ठणकावत होती.

फूल मिळालं. अख्खा रोल मी त्या एकाच फुलावर संपवला.

त्यातला एक फोटो आता ह्यांच्या फोटोपुढे उभा असतो. परवा सुधा नेहमीसारखी डॅफोडिलची फुलं घेऊन आली. दादाच्या फोटोपुढची आधीची सुकलेली उचलता उचलता म्हणाली, "वहिनी, तुझं बरं आहे. तुला रोज बदलायला नको."