फोनच्या पाठीवरचे ओरखडे

अभंगाचं निरूपण झालं, टाळकऱ्यांनी जरा पाणी प्यावं, आणि मंडळी, तुम्ही मला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. घरात काही बिघडलं — दूध नासलं, कुलूप अडकलं, वस्तू हरवली — तर आपण पहिलं कुणाकडं बघतो? स्वतःकडं? अहो, हसता काय! आपण बघतो ते जो उलटून बोलणार नाही त्याच्याकडं! खरं की नाही?

ऐका तर मग.

कोल्हापूरकडं एका फौंड्रीत जोतिराम चौगले नावाचा मोल्डर होता. मोल्डर म्हणजे साचे करणारा. वाळू भरायची, ठोकायची, त्या साच्यात तापलेलं लोखंड ओतायचं. वीस वर्षं तेच काम. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा, आणि थोरली बहीण बायाक्का तेरा वर्षांची. त्या तेरा वर्षांच्या पोरीनं ह्याला न्हाऊ घातलं, भरवलं, शाळेत पोचवलं. स्थळं आली ती परत गेली. का? तर “जोत्या लहान हाय अजून!” जोत्या मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याला लेक झाली — आणि बायाक्काचं राहूनच गेलं. पण दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या असायच्या हं! कुणी टोकलं तर म्हणायची, “नवरा न्हाई म्हणून हात मोकळं ठिवायचं व्हय?” अशी बाई!

तर दसऱ्याला जोतिरामनं फोन घेतला. साधा नव्हे — पाठीमागं काच असलेला! निळी-हिरवी काच, उजेडात धरली की मोराच्या मानेसारखी चमकायची. दुकानदार म्हणाला, कव्हर घाला. जोतिराम म्हणतो, “झाकायचं असतं तर एवढा देखणा कशाला घेतला असता?” बरोबरच आहे की! आपण तरी काय करतो? नवी वस्तू घेतो ती वापरायला थोडी, दाखवायला जास्त. माई, तुम्ही मान डोलवू नका, मी तुमच्या साडीबद्दल बोलत नाहीये!

फोन दिवसभर जोतिरामच्या पँटच्या खिशात. संध्याकाळी घरी आला की फळीवर. बायाक्का तो उचलायची आणि पदरानं पुसायची. देवाची तसबीर पुसावी तशी! कारण त्या फोनमधून स्नेहल दिसायची. जोतिरामची लेक, मिरजेला नर्सिंग शिकत होती. आत्यावर तिचा जीव आणि आत्याचा तिच्यावर.

आठव्या दिवशी जोतिरामनं फोन खिडकीत धरला. एक ओरखडा! केसाएवढा. चार दिवसांनी तीन झाले. महिन्याभरात पाठीवर जाळंच! मोराची मान पार धुरकटली. जोतिरामच्या जिवाला लागलं हो. आणि मग डोकं चालायला लागलं. फोन कोण हाताळतं? मी — मी तर जपतो. बायको सरिता शिलाईच्या कारखान्यात, दिवसभर बाहेर. राहिलं कोण? बायाक्का. तिच्या हातात काय? बांगड्या. झालं! निकाल लागला. वकील हाच, न्यायाधीश हाच, आणि आरोपीला पत्ताच नाही!

एका संध्याकाळी जोतिराम न्हाणीत होता. फोन वाजला. बायाक्कानं हिरवं बटण दाबलं — तेवढं तिला येत होतं — आणि स्नेहलशी बोलत बोलत फोन घेऊन निघाली. “थांब हं, तुझ्या बाला देती.” जोतिराम ओल्या अंगानं बाहेर येतो तर हिच्या हातात फोन!

“आक्का! हात लावू नको म्हणलं न्हवं!”

म्हटलं कधी होतं? मनातल्या मनात! धावला, ओल्या हातानं हिसकला — आणि फोन सटकला. शहाबादी फरशीवर, पाठीवर आपटला. कडाक! उचलून बघतो तर कोपऱ्यापासून पार मधोमध तडा.

“बघितलंस? आधी बांगड्यांनी चरं पाडलंस, आता फोडलास! समाधान झालं?”

“जोत्या, मी पदरानं पुसती रे फक्त...”

“खोटं बोलू नको! दुसऱ्याची वस्तू कळंना तर घरात हात लावू नको कशालाच!”

मंडळी, तडा पाठीला गेला होता. पुढची बाजू चालू होती. आणि त्यातून आवाज आला, “आत्या? आत्या, रडतीस का गं? बाबा, काय बोललात तिला?”

लेकीनं सगळं ऐकलं होतं. जोतिरामनं फोन बंद केला.

बायाक्का आत गेली, साबण लावून एकेक बांगडी उतरवली. सकाळी पिशवी घेऊन दारात उभी. “नेसरीला जाती, मावसबहिणीकडं. चार दिस.” सरिता म्हणाली, “अहो, थांबवा की त्यांना.” हा बूट घालत म्हणतो, “पहिली पाळी हाय माझी. जाऊ दे, येईल.” आणि गेला कामावर. ती कुठल्या गाडीत बसली, हेसुद्धा त्याला ठाऊक नाही.

रविवारी तो फोन घेऊन रेश्मा मुजावरच्या दुकानात गेला. मोबाइल दुरुस्तीत तिचा हात धरणारा त्या पेठेत कुणी नव्हता. तिनं भिंग लावून पाठ बघितली.

“भाऊ, तडा फोन पडल्यामुळं गेला. पण हे ओरखडे कशानं?”

“बांगड्यांनी.”

रेश्मा हसली. एक जुनी सुटी पाठ काढली, स्वतःच्या हातातली बांगडी तिच्यावर दाबून घासली. पुसून दाखवलं — काही नाही. किल्ली घासली — काही नाही. “ही काच कडक असते, भाऊ. बांगडीला दाद देत न्हाई. फोन ठेवता कुठं?”

“खिशात.”

“उलटा करा खिसा.”

जोतिरामनं खिसा उलटा केला. शिवणीतून काउंटरवर वाळू सांडली. बारीक, काळपट, फौंड्रीची वाळू! रेश्मानं बोटाच्या टोकावर चार कण घेतले आणि त्या पाठीवर फिरवले. खर्रर्र... आणि पुसलं, तर ओरखडा. केसाएवढा. हुबेहूब तसाच!

वीस वर्षं त्या वाळूवर पोट भरलं, आणि ती खिशात आहे हे कळलं नाही! रोज सकाळी ह्यानंच फोन तिच्यात घातला, रोज दिवसभर ह्यानंच घासला. आणि संध्याकाळी बायाक्का बिचारी त्यावरची धूळ पदरानं टिपत होती.

“पाठ बदलू का?” रेश्मानं विचारलं. जोतिराम म्हणाला, “राहू दे.” तसाच उठला आणि नेसरीची गाडी धरली.

बायाक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. हा समोर जाऊन मटकन खाली बसला. बेचाळीस वर्षांचा गडी! “आक्का, चुकलो गं. माझ्याच खिशातली वाळू हुती.”

ती म्हणाली, “उन्हाचा आलास. पाणी पिलास का?”

विषय संपला! एक शब्द लावून धरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर घरी आली. सरितानं नारळ ओवाळला, स्नेहल तिकडून फोनवर हसली-रडली. तुम्ही म्हणाल, महाराज, गोड झालं. वाजवा टाळ!

थांबा. अजून वाजवू नका.

त्याच संध्याकाळी बायाक्कानं सरिताला विचारलं, “ह्यो डबा घेऊ का?” सरिताला वाटलं, सहज विचारलं. मग जोतिरामला, “दोरीवरची तुझी कापडं काढू का रं?” मग, “दिवा लावू का?” ज्या घरातलं भांडं न् भांडं तिच्या हातचं, त्या घरात ती विचारायला लागली! जोतिराम कळवळून म्हणाला, “आक्का, विचारतीस काय? घर तुझं हाय!” तिनं मान हलवली. “व्हय रं, माझंच हाय.” आणि सकाळी पुन्हा — “चूल पेटवू का?”

ती रागावली नव्हती, मंडळी. राग असता तर तो गेला असता! तिनं मनापासून माफ केलं होतं. हातांनाच विचारायची सवय लागली होती.

वर्ष झालं त्याला. अजून ती विचारते. आणि दर वेळी जोतिराम “घे की” म्हणतो आणि दुसरीकडं बघतो.

आता माझं ऐका. घरी जाल, जेवायला बसाल, तेव्हा जरा कान उघडे ठेवा. तुमच्या घरात कोण विचारून हात लावतंय? म्हातारा बाप टीव्ही लावायच्या आधी विचारतो का? सून फ्रीज उघडताना तुमच्या तोंडाकडं बघते का? आई तुमच्या खोलीच्या उंबऱ्यावरच उभी राहते का? तुम्हाला वाटत असेल, किती शहाणी माणसं, किती मर्यादा! मंडळी, ती आधी विचारत नव्हती. कधीपासून विचारायला लागली, तो दिवस आठवा. त्या दिवशी आपण काय बोललो होतो, तो शब्द आठवा.

नाही आठवत? त्यांना आठवतो.

त्या पांडुरंगाला डोळ्यांसमोर आणा, मनातल्या मनात त्या माणसाचं नाव घ्या, आणि मग विठ्ठलाचं घ्या. विठ्ठल... विठ्ठल...