तिथे गर्दी नसते

नाही, मला एक सांगा, एखाद्या जागी कोणी जात नाही असं कळलं, की 'का बरं जात नसतील' हा प्रश्न माणसाला पडतो की नाही? तुम्हाला पडतो, मला पडतो, अहो रस्त्यावरच्या कुत्र्याला पडतो, तेही रिकाम्या गल्लीत शिरण्याआधी दोन मिनिटं थांबून वास घेतं. आमच्या साडूला पडत नाही. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, समोर असला की 'तुम्ही', पण आता समोर नाहीये म्हणून 'तो'. तर त्याचा फोन आला, आणि तोही आवाज खाली घेऊन, जसा काही शेजारी ऐकेल आणि आमच्या आधी जाऊन जागा धरून बसेल. "साडूभाऊ, एक किनारा सापडलाय. फळी घ्यायची, समुद्रात शिरायचं, लाट आली की तिच्यावर उभं राहायचं. सर्फिंग. आणि मुख्य म्हणजे काय सांगू, तिथे गर्दी नसते."

गर्दी नसते म्हणे. अहो, गर्दी नसणं म्हणजे काय ते मला शिकवता? माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे! सकाळी शटर वर केल्यापासून संध्याकाळी खाली ओढेपर्यंत तिथे गर्दी नसते. लोकांचे फोटो फोनमध्ये, भिंतीवर टीव्ही, आणि मी आपला पट्ट्यांवरची धूळ झटकतोय. गर्दी नसण्यात एवढी मजा असती तर मी केव्हाच मजेने मेलो असतो.

मी सरळ नाही म्हणून सांगितलं. तर आमच्या घरातून आवाज आला, "चला ना, भाऊजींना बरं वाटेल." झालं. आता हे 'बरं वाटेल' कशासाठी, तर साडूला कंपनीने घरी बसवलं होतं. सत्कार करून बसवलं, हार घालून बसवलं, पण बसवलंच. एवढा मोठा खात्याचा प्रमुख, मागेपुढे 'सर, सर' करणारी माणसं, आणि आता घरात दिवसभरात एकदा 'सर' ऐकू येणार, तेही ताई, म्हणजे त्याची बायको, केर काढताना म्हणतात ते, 'सरका जरा'. मग हा खुर्चीत बसून फोनवर समुद्राचे व्हिडिओ बघायला लागला. माणसाने काहीही बघावं, मी म्हणतो, पण बघून गप्प बसावं की नाही?

तर गेलो. गाडीत दोघी बहिणी मागे, आम्ही दोघं पुढे, आणि रस्ता असा की पोटातलं अन्न परत एकदा ओळख करून द्यायला घशापर्यंत येतंय. आणि हा गाडी चालवता चालवता, "बघितलंत? एक गाडी नाही रस्त्यावर. तिथे गर्दी नसते." अहो, रस्ताच नाही तर गाडी कुठून असणार...

पोचलो. किनारा बघितला, आणि खरं सांगतो, मला हसावं की रडावं कळेना. समोर जमिनीचं एक लांबलचक टोक आडवं आलेलं, मोठा समुद्र त्याच्या पलीकडे, आणि अलीकडे आमच्या वाट्याला काय, तर तळं. बशीत ओतलेल्या चहाला जास्त लाटा असतात हो! पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस बसला होता, फळ्या भाड्याने देणारा, एका फळीवरचं, पाय घसरू नये म्हणून लावलेलं जुनं मेण खरवडत. मान वर न करता म्हणतो, "आज लाट नाही."

साडू म्हणतो, "मग कधी असते?"

"असते तेव्हा असते."

मग मी जरा गोडीत घेतल्यावर एकदाचा बोलला. म्हणे बाहेर समुद्र खवळला की एखादी लाट त्या टोकाला वळसा घालून चुकून आत येते, आणि आली की बरोबर तिथेच फुटते, कारण तिथे पाण्याखाली खडक आहे. बाकी समुद्र गुळगुळीत, तेवढ्याच जागी लाट. 'रीफ' म्हणतात म्हणे त्याला. आणि मग एकदम मान वर करून, "खडकावर पाय ठेवू नका. काळ्या काट्यांचे गोळे बसलेत खाली. टोचले की आत मोडतात."

मी म्हटलं, "पडल्यावर काय करायचं?"

म्हणतो, "पडू नका."

मी साडूकडे बघितलं. म्हटलं, आता तरी कळलं का तिथे गर्दी का नसते? तर हा छाती फुगवून अंगठा वर करून उभा.

पोशाखाचं तर विचारू नका. काळा रबरी पोशाख, दोघांना एकाच मापाचा, कारण आमच्या सासूबाईंनी जावईसुद्धा एकाच मापाचे निवडलेत, तीच उंची, तेच पोट, तेच टक्कल. आणि तो आतून ओला. थंडगार, बुळबुळीत, आणि त्याला वास... म्हणजे आधी जो कोणी त्यात शिरला होता तो अर्धा आतच राहिला असावा. पाय घातला की पोटऱ्यांना चिकटतो, वर ओढला की सोडतो, पुन्हा चिकटतो. शी! मी दुसऱ्याचा रुमाल वापरत नाही हो, आणि इथे दुसऱ्याची कातडी घालून बसलोय. रबरी बूट एकच जोड होता, तो मी घेतला. साडू म्हणाला, "मी अनवाणीच जाणार. पायाखाली फळी जाणवली पाहिजे." हे लक्षात ठेवा हं. साडू अनवाणी, बूट माझ्या पायात.

पालथं झोपायचं फळीवर आणि हातांनी पाणी मारत मारत त्या खडकापाशी जायचं. हनुवटी घासतेय, मेण नाकाला लागतंय, तोंडात खारं पाणी, मध्येच काहीतरी लिबलिबीत गळ्याशी येऊन बसलं, ते शेवाळ होतं असं मी स्वतःला आजपर्यंत सांगत आलोय. पोचलो, आणि बसलो. काय केलं? बसलो. फळीच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून दोन टकले पाण्यात बसलेत आणि वाट बघताहेत, दुकानात मी गिऱ्हाइकाची बघतो तशी. खाली बघितलं तर पाणी काचेसारखं, आणि त्या काचेखाली ते काळे गोळे, काटे हलवतायत. माझ्याकडेच बघतायत असं वाटतं, त्यांना डोळे नसले तरी. आणि हा बाजूने, "किती शांत आहे ना? एकही माणूस नाही. तिथे गर्दी नसते हे मी तुम्हाला..." मी म्हटलं, आता 'तिथे' काय, आता 'इथे' म्हणा, आपण आलोय ना.

आणि आली हो. लाट. मागून, कसलाही आवाज न करता, पाण्याचा एक जाडजूड फुगवटा येताना दिसला. साडू ओरडला, "माझी! माझी!" आणि एवढ्या जोरात वळला की फळी एकीकडे, साडू दुसरीकडे, डोकं पाण्यात आणि दोन पाय वर. मी काही करणार नव्हतो, खोटं कशाला बोलू? लाटेनेच मला उचललं. पुढे पाणी एकदम ओसरलं आणि तो खडक दिसला, काळ्या गोळ्यांसकट, नाकाखाली. मग मी उभा राहिलो. लोक लाटेवर उभे राहतात ते हौसेने, मी उभा राहिलो ते घरात उंदीर दिसल्यावर माणूस स्टुलावर चढतो तसा. पण राहिलो. आणि राहिलोच. खालून पाणी सरसर पळतंय, खडक मागे पडतोय, कानात वारा, आणि मी, ज्याला बसमध्ये दांडी सोडून उभं राहता येत नाही, तो मी चाललोय समुद्रावरून. खरं सांगू? इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. किनाऱ्यावर ताई फोन धरून उभ्या दिसल्या, शेजारी आमची ही. मनात एकच आलं, बघ म्हणावं. एवढं फक्त बघ.

मग पडलो. वाळूवर, सुदैवाने. दोघंही कडेला आलो, मी इकडून, साडू खुरडत तिकडून. ताई पळत आल्या. मी हसत हात पसरले. ताई माझ्या बाजूने पुढे निघून गेल्या आणि साडूचे हात धरून म्हणाल्या, "अहो, तुम्ही उभे राहिलात! मी फोटो काढला!"

साडू ताईंकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, हं, बोला आता. 'अगं, मी नव्हे, हे' एवढे चारच शब्द आहेत. त्याने तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाला, "जमलं एकदाचं."

म्हणजे लाट मी पकडली आणि लाटली यांनी!

मी म्हटलं, "ताई, तो मी होतो." ताई माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "तुमचंही होईल हो हळूहळू." फोटो बघितला, तर एवढ्या लांबून चेहरा म्हणजे तांदळाचा दाणा. लाटेवर एक काळा टकल्या, आणि कडेला पाण्यातून वर आलेले दोन पाय. अनवाणी! मी म्हटलं, "हे बघा, पाय अनवाणी आहेत, बूट मी घातले होते." साडू म्हणतो, "पाण्यात निघाले असतील." मी पाय वर करून दाखवला, "मग हे काय, परत येऊन बसले?" तोपर्यंत ताईंनी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. आजूबाजूला शोधलं, म्हटलं कोणीतरी पाहिलं असेल. फळीवाला मेण खरवडत होता. बाकी कोण असणार? तिथे गर्दी नसते! आणि आमची ही? ती समुद्राकडे बघत उभी. एक अक्षर बोलली नाही. खारं पाणी मी भरपूर प्यायलो होतो त्या दिवशी, पण ते गप्प राहणं त्याहून कडू लागलं मला.

पुढे ऐका. थोड्या दिवसांनी साडू दुकानात. तोच फोटो, हा एवढा मोठा करून आणलेला. "साडूभाऊ, फ्रेम तुमच्याच हातची पाहिजे." म्हणजे माझा फोटो, मीच फ्रेम करायचा, आणि याने त्याच्या दिवाणखान्यात लावायचा. मी दात आवळून विचारलं, पट्टी कोणती, काच कोणती. सगळं ठरलं, आणि जाता जाता फोटोच्या कडेवर बोट ठेवून म्हणतो, "हे पाय तेवढे कापून टाका. उगीच गर्दी वाटते."

मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, "नक्की? कापू?"

"कापा, कापा."

मोजपट्टी लावली, कटर धरला, आणि आमच्या साडूला मी स्वतःच्या हाताने, त्याच्याच सांगण्यावरून, फोटोतून साफ कापून काढला. इतका सरळ काप मी आयुष्यात घेतला नसेल.

तेवढ्यात ही डबा घेऊन आली. टेबलावर ते कापलेले दोन पाय बघून म्हणते, "भाऊजींना कापलंत?"

मी उडालोच. म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

म्हणाली, "अहो, ढुंगण मागे काढून, तोंड उघडं टाकून, एका हाताने हवेत भिंत शोधत कोण उभं राहतं? बल्ब बदलताना तुम्ही असेच असता. इतकी वर्षं स्टूल मीच धरते ना?"

"मग तिथे बोलली का नाहीस?"

डबा उघडता उघडता म्हणाली, "ताईचं तोंड बघितलंत का तुम्ही? भाऊजी घरी बसल्यापासून पहिल्यांदा ती त्यांच्याकडे तसं बघत होती." आणि मग, अगदी हळू, "छान उभे राहिला होतात हो."

चिडायची सोय नाही, रडायची सोय नाही. मी काच पुसली, फ्रेम बंद केली, खिळे मारले.

परवा साडूकडे चहाला बोलावलं होतं, पंधरा-वीस माणसं. दिवाणखान्यात मधोमध ती फ्रेम. फ्रेममध्ये मी, एकटा, समुद्रावर. आणि खाली हा, हातात कप, "रीफ आहे तिथे रीफ! एक चूक आणि खलास!" लोक आ वासून ऐकतायत. कोणीतरी विचारलं, "सर, भीती नाही वाटली?" सर म्हणाले बघा, सर! ताईंचा चेहरा असा उजळला... मी बिस्किटाकडे बघितलं. शेजारच्या बाईंनी फोन काढला, त्यांना सरांचा फोटो पाहिजे होता, त्या फ्रेमखाली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, मग मला म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा सरकता का? गर्दी होतेय."

सरकलो. काय करणार? नाहीतरी भिंतीवर मी होतोच.