बाकाखालची बॅटरी

रूथ : आता तो बल्ब पुन्हा काढू नका. सकाळपासून इतक्यांदा काढलात, त्यालासुद्धा कंटाळा आला असेल.

एडविन : बल्ब चांगला हाय, एवढं तर ठरलं ना?

रूथ : ते कालच ठरलं होतं.

एडविन : काल होल्डर ठरला. त्याच्या आधी फ्यूज. असं एकेक करतच जायचं असतं. मिलिट्रीच्या वर्कशॉपात आम्ही...

रूथ : मिलिट्रीच्या वर्कशॉपात शमुवेल साहेब गिऱ्हाईक घेऊन येत नव्हते. आज येताहेत, ही गाडी विकायला. दौंडचा तो तंबूतल्या सिनेमाचा मालक. आतले दिवे लागत नसतील तर फिरता दवाखाना ठेवून मिशनला उपयोग काय, असं साहेब म्हणाले ते ऐकलंत ना? गाडी जाईल सिनेमावाल्याकडे आणि मी जाईन दौंडला. तुमच्या आईच्या हाताखाली, रेल्वेच्या दोन खोल्यांत.

एडविन : आई काय वाईट न्हाई.

रूथ : वाईट कोण म्हणतंय? दसऱ्याला गेलो तेव्हा मी तांदूळ निवडत होते आणि त्या मागे उभ्या राहून खडे मोजत होत्या. अहो, ही लढाईतली म्हातारी लॉरी असेल, पण लग्न झाल्यापासून हेच माझं घर आहे. एका अंगाला औषधांचं कपाट, दुसऱ्या अंगाला आपला निजायचा बाक, मध्ये स्टोव्ह. एवढंसंच आहे, पण माझं आहे. मला हे सोडायचं नाही.

मल्हारी : डायव्हर, हाय का घरात? लागला का दिवा?

एडविन : या, मल्हारीआबा. मेंढरं कुणावर सोडून आलात?

मल्हारी : सून हाय की. तुमची गाडी आमच्या रानात हुबी, तवा म्हनलं बगून यावं. मंग, आता काय उकलताय?

एडविन : छतातली वायर.

मल्हारी : व्हय, छतच बगा. बिघाड नेहमी वरच असतोय.

रूथ : बॅटरी बघितलीत का?

एडविन : रूथ, आतल्या दिव्यांची बॅटरी येगळी हाय, बाकाखाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिरूरहून चार्ज करून आणली, मी स्वतः पान्ह्यानं आवळली. माझ्या हातचं काम हाय ते.

रूथ : म्हणूनच विचारते.

मल्हारी : बॅटरीला काय बी झालं न्हाई. तिला हात लावू नगा.

रूथ : तुम्हांला कसं ठाऊक, आबा?

मल्हारी : डायव्हरच म्हनलं की आत्ता. मी म्हंतो, उंदरानं वायर खाल्ली असंल. न्हाईतर नजर लागली.

रूथ : दारात का उभे? आत या, बाकावर बसा.

मल्हारी : नगं. हितंच बरं हाय.

रूथ : रोज तर बसता. आबा, आम्ही दौंडला होतो तेव्हा किल्ली तुमच्याकडे होती ना?

मल्हारी : व्हती. गाडीजवळ कुणाला फिरकू दिलं न्हाई. कुत्र्याला बी.

रूथ : आणि तुम्ही?

मल्हारी : मी काय कुत्रा हाय व्हय?

रूथ : अहो, उतरा खाली. बाकाची फळी उचला.

एडविन : अगं, पण मी सांगितलं ना...

रूथ : उचला.

एडविन : हे काय? सगळं पिवळंधमक झालंय. ॲसिड सांडलं की काय? पण वास तर खोबऱ्याचा येतोय.

रूथ : खोबऱ्याचाच. हा बघा तुकडा. शिरूरचा चार्जिंगवाला बॅटरीबरोबर खोबरंही देतो वाटतं.

मल्हारी : मेंढरं वरडाय लागली. जातो मी.

रूथ : आबा, बसा.

मल्हारी : बसतो.

रूथ : आता सांगा.

मल्हारी : दसरा व्हता. त्या दिशी आमी हत्यारं पुजतो. लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, समद्यांला भंडारा लावतो. मंग ह्या गाडीलाच तेवढं सोडायचं? माझी सून अडली तवा भाईर डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना, आन् हितं लख्ख उजेड. त्या उजेडात तुमी नातू काडलात, बाई. माझं घर राहिलं. ते मी मरंस्तवर इसरायचा न्हाई.

एडविन : मग चाकाला लावायचा भंडारा. बॉनेटला लावायचा.

मल्हारी : चाक कुटं दिवा लावतंय? तुमीच फळी उचलून दावलं व्हतं, ‘आबा, समदा उजेड ह्या डब्यातनं येतो’ म्हून. मंग पूजा त्याचीच.

रूथ : घ्या. हेही तुमच्याच हातचं काम.

एडविन : पण माझी कनेक्शनं सोडली कुणी?

मल्हारी : मीच. दोन शेंड्या, दोन्हीवर टोप्या. टोपीसकट देवाला आंगूळ घालत्यात का कुटं? काडल्या, तेल चोळलं, वर भंडारा चांगला दाबून बसवला, आन् परत टोप्या घातल्या. आवळल्या न्हाईत. देवाला कसं आवळायचं?

एडविन : आबा, करंट त्या टोपीतनंच जातो. मधी तेल-हळदीचा थर बसल्यावर जाईल कसा? आन् मी मूर्ख वर छत उसवतोय.

रूथ : शब्द तुमचा आहे, मी काही बोलले नाही. पण आबा, आम्ही आलो त्याच दिवशी का नाही सांगितलंत?

मल्हारी : जिभेवर आलं व्हतं. पर गाडी मिशनची, भंडारा खंडोबाचा. साहेबाला कळलं तर डायव्हरची नोकरी जायची. म्हनलं, मिलिट्रीतला गडी हाय, लावंल दिवा कसा बी.

एडविन : रूथ, फडकं दे. आन् सोड्याचं पाणी.

रूथ : आबा, तुम्ही रस्त्यावर नजर ठेवा. जीप दिसली की खाकरा.

एडविन : ही पुसली. ही पण पुसली. आता टोप्या... मी बी टोप्याच म्हणायला लागलो. आवळल्या. दाब बटण.

रूथ : लागला. अहो, लागला. इकडे बघू नका, मला रडू येतंय.

मल्हारी : डायव्हर, मी कवापासनं खाकरतोय. घसा बसला. जीप दारात आली.

(शमुवेल साहेब आणि गिऱ्हाईक जीपमधून परत गेल्यावर.)

एडविन : साहेबांनी प्रत्येक बटण स्वतः दाबून बघितलं. म्हणाले, राहू दे गाडी इथंच, केंदूरला. सिनेमावाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

रूथ : तुम्ही तोंड बघितलंत, मी पाठ बघितली. बाक पुसायचा राहिला होता, आणि साहेब त्यावरच बसले. साहेबांच्या पांढऱ्या विजारीला मागून सगळा भंडारा.

एडविन : आन् तू बोलली न्हाईस?

रूथ : काय बोलणार? त्यांनी विचारलं नाही. आता शिरूरला घरी त्यांच्या बाईसाहेब विचारतील.

मल्हारी : चांगलं झालं की. साहेबाचा बी दसरा झाला.

रूथ : पुढच्या दसऱ्याला मात्र चाकाला लावा, आबा. बाकाखाली जायचं नाही.

मल्हारी : न्हाई जात.

रूथ : आणि एवढी पूजा केलीत, मागितलं काय होतंत?

मल्हारी : काय मागनार? सुनंला परत दिस गेल्यात. तिची सुटका हुईस्तवर ही गाडी आमच्या रानातनं हलू नये, येवडंच.

एडविन : वा, आबा. तुमच्या पूजेनंच तर ती विकायला निघाली होती.

मल्हारी : निगाली व्हती. पर हलली का?