भाईजानचा तानपुरा ऑनलाइन

...आणि वर मलाच म्हणत्यात, "तौसीफ, आवाज येत नाहीये!" आता काय सांगू तुमाला! मी मिरजेत, रसूलचाचा शेजारच्या कारखान्यात, मधी एक भिंत, ती बी अशी की चाचा खोकले तर आमच्याकडचा कपातला चहा हालतोय, आणि आमी एकमेकाशी बोलायचं कशावर? मोबाईलवर! आधी चाचांचा आवाज भिंतीतनं येतो, मग तोच मोबाईलमधनं येतो, माणसाला वाटतं दोन चाचा हायत. हितं एकच सोसंना गड्या!

तर झालं काय, आमच्या गल्लीतले तानपुऱ्याचे चार कारखाने एक झाले आणि ऑर्डरी आणायला अंकिता मॅडम ठेवल्या. त्या असतात साताऱ्यात. बाई लय चांगली, पण पहिल्याच दिवशी म्हणल्या, "दर सोमवारी ऑनलाइन मीटिंग. वेळ वाचतो." कुणाचा? आधी सोमवारी सगळे चाचांच्या सतरंजीवर बसायचे, तयार तानपुरा हातोहात फिरायचा, जो तो तार छेडायचा, डोळं मिटायचा, नावं ठेवायचा, चहा प्यायचा, आणि चाचांनी मान हालवली की तानपुरा पास. आता? चाचांची मान दिसतच न्हाई. टक्कल दिसतं, न्हाईतर छत.

आणि त्या सोमवारी पास व्हायचा होता भाईजानचा तानपुरा. अजहर, माझा थोरला भाऊ. त्याचा शेवटचा... म्हंजे आता दुसरा व्हायचा न्हाई. रमजानच्या तोंडावर गेला तो. जवारी काढून झाली, कानस खाली ठेवली, म्हणला, "छातीत दुखतंय, जरा पडतो," आणि पडला तो पडलाच. असू दे. मी काय रडायला आलो न्हाई, तक्रार करायला आलोय.

जवारी ठाऊक हाय न्हवं? तार ज्या घोडीवर टेकती ना, ती घासून घासून अशी करायची की तार नुसती वाजत न्हाई, गुणगुणती. खोली भरती! भाईजानचा हात त्यात असा बसलेला की... मी म्हणलं, हा तानपुरा पास झालाच पायजे. माणूस गेल्यावर त्याला नापास करायचं व्हय?

मोबाईल ठेवला समोर. छेडली तार. घर भरलं. आणि मोबाईलमधनं मॅडम...

"तौसीफ, आवाज येत नाहीये!"

अजून जोरात छेडली.

"आत्ता जरा... नाही, गेला. पंखा चालू आहे का तुमच्याकडे?"

पंखा! मग मॅडमनी समजावलं, एकसारखा गुणगुणता आवाज आला की त्या ॲपला वाटतं ही खोलीतली घरघर, म्हणून ते कापून टाकतं आणि माणसाचं बोलणं तेवढं ठेवतं. बघा आता! तानपुऱ्यातला तानपुरा काढून टाकला आणि ठेवलं कुणाला? मला! "सेटिंगमध्ये जा," म्हणल्या. गेलो. माझी शाळा सातवीत सुटलेली, दाबलं कायतरी, मीच गायब झालो. तेवढ्यात पलीकडच्या कारखान्यातला लालासाहेब म्हणतोय, "तार सैल हाय वाटतं रं. पुढच्या सोमवारी बघू."

सैल? अजहरची तार सैल? माझं डोस्कंच फिरलं! उचलला तानपुरा, पायात चप्पल न्हाई, गल्लीत आलो, चाचांच्या उंबऱ्यावर बसलो आणि छेडला. चाचा बाहेर आले, हातात मोबाईल तसाच चालू. लालासाहेब आला, तो तर सतरंजीच घेऊन आला. एकेक करत सगळी मीटिंग उंबऱ्यावर! जो तो डोळं मिटून बसला. आणि चाचांच्या हातातनं मॅडम, "हॅलो? सगळे कुठे गेलात? मला नुसते पाय दिसतायत... हॅलो, आवाज येत नाहीये!"

चाचांनी मान हालवली. हालवतच राह्यले.

"आवं चाचा, पास का?"

"पास रं बाळा," म्हणले. "बांध."

मी नाचलोच! भाईजान पास! लालासाहेबाला मिठी मारली, जो मघाशी सैल म्हणत होता त्याला! आणि नाचता नाचता ध्यानात आलं... बांध म्हंजे? म्हंजे हा जाणार की आता! नापास झाला असता तर ऱ्हायला असता घरात. हे आधी सुचायला नगं व्हय? पण डोस्कं फिरल्यावर सुचतंय कुठं!

दुसऱ्या दिवशी गोधडीत गुंडाळून दिला. वाईच्या गाण्याच्या क्लासला गेला. घर असं गप झालं की चाचांचा खोकला आला तरी बरं वाटायला लागलं.

मग संध्याकाळी मॅडमचा व्हिडिओ कॉल. "तौसीफ, मी वाईला आलेय, क्लासमध्येच. बाई वाजवतायत, सगळी मुलं गप्प बसलीयेत, ऐका!" बाईंची बोटं तारेवरनं फिरताना दिसली. मी पंखा बंद केला. मोबाईल कानाला लावला, दाबून धरला. काय न्हाई. एक पोरगी शिंकली, ती तेवढी साफ ऐकू आली.

"येतोय ना आवाज?" मॅडम म्हणल्या.

आता काय सांगू तुमाला...

म्हणलं, "येतोय, मॅडम. लय भारी येतोय."